तोल जाणारं मूल वर्गात येतं तेव्हा: फ्रीडरिक अटॅक्सिया आणि शाळा

परिपाठात डोळे मिटून, हात जोडून प्रार्थनेला उभं राहायचं, एवढी साधी गोष्ट. आमच्या सातवीतली एक मुलगी त्या वेळी हळूच शेजारणीचं कोपर धरायची. मी दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा तिला रांगेबाहेर एकटं उभं केलं. तिने डोळे मिटले आणि ती सरळ तोंडावर पडली, ओठ फुटला. तिच्या आजाराचं नाव आम्हाला पुढच्या वर्षी कळलं: फ्रीडरिक अटॅक्सिया, नसांवर परिणाम करून तोल आणि हालचाली बिघडवणारा आनुवंशिक आजार. तेव्हा समजलं की त्या सकाळी तिने मला आपलं लक्षण अगदी पुस्तकात असतं तसं दाखवलं होतं आणि मी त्याला बेशिस्त म्हणाले होते.

तुमच्या वर्गात असं मूल पहिल्यांदाच आलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही, माध्यमिक शाळेत शिकवते. औषधोपचारांचं तुम्हाला पालक आणि त्यांचे डॉक्टर सांगतील. शाळेत काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

पहिल्यांदा आजार समजून घ्या, पण शिक्षकाला लागतो तेवढाच

निकोलाउस फ्रीडरिक या जर्मन डॉक्टरांनी १८६३ मध्ये हायडेलबर्ग इथे या आजाराचं पहिल्यांदा वर्णन केलं. त्यामागचं जनुक १९९६ मध्ये सापडलं. या जनुकात जीएए ही डीएनएच्या तीन अक्षरांची जोडणी प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा आलेली असते, त्यामुळे फ्रॅटॅक्सिन नावाचं प्रथिन शरीरात कमी तयार होतं. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेला ते लागतं. म्हणून मज्जातंतू आणि हृदय अशा सतत राबणाऱ्या भागांना झळ आधी बसते. दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच मूल आजारी पडतं. आईवडील स्वतः ठणठणीत असतात. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण पन्नास हजारांत एकाला तो होतो. आपल्याकडेही तो आढळतो.

लक्षणं बहुतेकदा ५ ते १५ या वयात दिसू लागतात, म्हणजे नेमकं मूल आपल्या ताब्यात असतं तेव्हा. चालताना पाय फाकतात, मूल भिंतीला धरून चालतं, अक्षर बिघडतं, बोलणं जड आणि तुटक होतं. पुढे पाठीचा कणा वाकतो, तळपायाची कमान उंच होते. पायांकडून मेंदूला ‘मी कुठे आहे’ हा निरोप नीट पोहोचत नाही, त्यामुळे मूल तोल सांभाळतं ते डोळ्यांच्या भरवशावर. डोळे मिटले की तो आधार जातो. तोंडावर पाणी मारताना, प्रोजेक्टरसाठी खोलीत अंधार केल्यावर किंवा अचानक वीज गेल्यावर हेच होतं.

आजार हळूहळू वाढतो. सुरुवात झाल्यापासून साधारण १० ते १५ वर्षांत बहुतेकांना व्हीलचेअर लागते. बुद्धी मात्र शाबूत असते. उत्तर यायला वेळ लागतो, कारण जीभ, हात आणि डोळे हळू चालतात. जड बोलणाऱ्या मुलाला आपण नकळत ‘ढ’ ठरवतो, सोपे प्रश्न विचारतो, मग विचारणंच सोडून देतो. हे मी स्टाफरूममध्ये पाहिलं आहे आणि स्वतः केलंही आहे.

एक खुलासा. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या आनुवंशिक कमतरतेमुळे होणारा एक आजार अगदी असाच दिसतो आणि त्यावर त्या जीवनसत्त्वाचे मोठे डोस उपयोगी पडतात. तेव्हा ‘काही उपाय नसतो हो’ असा सल्ला पालकांना देऊ नका. निदान झालं नसेल तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवा. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. फ्रीडरिकवर ओमाव्हेलोक्सोलोन या औषधाला अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती १६ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. त्याने आजाराचा वेग कमी होतो, आजार जात नाही. पालकांना हे सहसा आपल्या आधी माहीत असतं.

पालकांना बोलवा, आणि एक प्रश्न विसरू नका

भेट स्टाफरूममध्ये नको. मुख्याध्यापकांच्या खोलीत, दार लावून बसा. काय जमतं, काय जमत नाही, कुठली औषधं चालू आहेत, हृदयाची तपासणी शेवटची कधी झाली, रक्तातली साखर कशी आहे, तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा, हे सगळं एका कागदावर लिहून घ्या. हा एक पानी कागद पुढे सगळीकडे कामाला येतो.

विसरू नये असा प्रश्न हा: “मुलाला स्वतःच्या आजाराबद्दल किती माहीत आहे?” काही घरांत ‘नसांचा अशक्तपणा’ एवढंच सांगितलेलं असतं. काही मुलांनी फोनवर नाव शोधून नको ते सगळं वाचलेलं असतं आणि आईबाबांना ते ठाऊकच नसतं. त्यांनी सांगितलं असेल त्याच्या एक शब्दही पुढे जाऊ नका. मूल तुम्हाला एकट्यात विचारील, “बाई, मी बरी होईन का?” खोटं बोलू नका आणि भाकीतही करू नका. मी म्हणाले होते, “आजार कसा वाढेल हे मला सांगता येणार नाही गं. पण शाळेत तुला जे लागेल ते आपण करू.” त्यावर ती म्हणाली, “मग आधी तो पीटीचा तास बघा.”

धाकटी भावंडं त्याच शाळेत असतील तर जिभेला आवर घाला. प्रत्येक सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारांत एक असते, हे पालकांना डॉक्टरांनी सांगितलेलंच असतं. पाचवीतला धाकटा ठेचकाळला की कुजबुजणाऱ्या शिक्षकांची त्यांना गरज नसते. खरंच काही वेगळं दिसलं तर फक्त पालकांशी बोला.

मग मुलाच्या वाटेने शाळा एकदा चालून पाहा

फाटकापासून वर्गापर्यंत, वर्गापासून स्वच्छतागृहापर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत. जमलं तर मुलालाच बरोबर घ्या आणि ‘इथे काय करतेस?’ एवढंच विचारत जा. आमच्या लक्षात न आलेल्या चार गोष्टी आम्हाला अशाच कळल्या.

पहिली, वर्गाबाहेर चपला-बूट काढायचा नियम. या मुलांच्या पायाची संवेदना कमी होते. अनवाणी पायाला काच लागली तरी कळत नाही आणि घोट्याला आधार देणारा बूट काढला की तोल आणखी जातो. त्यांना बूट घालूनच बसू द्या. फरशी पुसायचा प्रश्न आपला आहे.

दुसरी, स्वच्छतागृह. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उकिडवं बसणं त्यांना अशक्य होतं. लघवीची घाई होण्याचा त्रासही अनेकांना असतो. मग मूल काय करतं? सकाळपासून पाणीच पीत नाही. आमची विद्यार्थिनी साडेपाच तास घोटभर पाण्यावर काढायची आणि आम्हाला वाटायचं, तहान लागत नसेल. नवीन कमोड बांधायला संस्थेकडे पैसे नसतील तर भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा, भिंतीला पकडायला एक पक्का दांडा लावा, दार बाहेरच्या बाजूला उघडेल असं करा. हे काम एका शनिवारात होतं. आणि तिला जाण्यासाठी परवानगी मागायला लावू नका. उठली की जाऊ द्या.

तिसरी, पायऱ्या. वर्ग तळमजल्यावर आणणं हा एकच खरा उपाय. तोवर दोन्ही बाजूंना कठडा हवा. घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी सोडा, म्हणजे जिन्यातल्या लोंढ्यात धक्का लागणार नाही. उतार बांधायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे माप धरा. गवंडी ‘बाई, एवढा कशाला’ म्हणून निम्म्यात आटोपतो. त्या घसरगुंडीवरून व्हीलचेअर चढत नाही आणि उतरते ती सुसाट.

चौथी, पंखा. या आजारात कानाच्या नसेवरही परिणाम होऊ शकतो. शांत खोलीत तपासणी केली तर ऐकणं ठीक येतं, पण गोंगाटात शब्द ओळखू येत नाहीत. खडखडणाऱ्या पंख्याखाली, साठ मुलांच्या वर्गात आपण फळ्याकडे तोंड करून बोलतो, तेव्हा तिच्यापर्यंत काय पोहोचतं कोण जाणे. जागा पुढे द्या, पण अगदी कडेला नको. बोलताना तिच्याकडे तोंड असू द्या. गृहपाठ फळ्यावर लिहा.

लिहिणं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

हात थरथरतो, अंतराचा अंदाज चुकतो, अक्षर फाटतं. सुंदर हस्ताक्षराचे धडे गिरवून घेऊन ते सुधारत नाही. तिची शक्ती मर्यादित आहे, ती अक्षर सुधारण्यात घालवायची की गणित समजण्यात, हे ठरवा. मी गणिताच्या बाजूने आहे.

सर्वांत स्वस्त युक्ती कार्बन पेपरची. नीटनेटकं लिहिणाऱ्या मैत्रिणीच्या वहीत पानाखाली कार्बन घाला, तासाच्या शेवटी दुसरी प्रत हिची. मैत्रीण दर महिन्याला बदला, नाहीतर मैत्रीची चाकरी होते. फळ्याचा फोटो काढून पालकांच्या फोनवर पाठवणं त्याहून सोपं. गृहपाठात दहा गणितं असतील तर हिला चार द्या, पण ती सोपी चार नव्हेत, प्रत्येक प्रकारातलं एक. निबंध तोंडी सांगू द्या. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय मराठीतही आहे, मात्र उच्चार जड झाले की ती चुकीचं लिहू लागते. मग मोठ्या बटणांचा कीबोर्ड बरा पडतो. हे सगळं मूल अजून बऱ्यापैकी लिहू शकतं तेव्हाच शिकवायला घ्या. हात पूर्ण थकल्यावर नवं साधन शिकायला लागतं तेव्हा मुलाला ती शिक्षा वाटते.

एरवी आपण मुलांचं नियोजन ‘आज इतकं येतं, दिवाळीपर्यंत एवढं येईल’ असं करतो. इथे गणित उलटं आहे. दिवाळीपर्यंत काय सुटेल याचा अंदाज घेऊन त्याची सोय आज करायची. व्हीलचेअरचंही तसंच. मूल अजून चालतंय आणि तरी सहलीला किंवा लांबच्या अंतराला व्हीलचेअर वापरतंय, तर ‘आत्तापासूनच?’ असं म्हणू नका. वर्गापर्यंत चालून दमलेलं मूल पहिल्या दोन तासांत काहीच शिकत नाही.

भूमितीची रचना, नकाशे, जीवशास्त्राच्या आकृत्या यांना वेगळा मार्ग शोधा. ती सांगेल आणि दुसरं कुणी काढेल, किंवा तयार आकृतीला नावं द्यायची. प्रयोगशाळेत ज्योत, आम्ल आणि काचेची नळी तिच्या हातात नको. निरीक्षण आणि निष्कर्ष तिचे.

पीटी, डबा आणि धोक्याच्या खुणा

पीटीच्या तासाला तिला वर्गात दप्तरं राखत बसवू नका. व्यायाम या मुलांना हवाच असतो. किती आणि कोणता हे त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट लिहून देतील तसा. बसून चेंडू फेकणं, झेलणं, रबरी पट्ट्यांचे व्यायाम जमतात. ‘तू गुण लिही’ ही ठरलेली सोय आमच्या क्रीडाशिक्षकांनीही केली. जिला लिहिता येत नाही तिच्या हातात गुणवही! तिने ती परत दिली आणि शिट्टी मागितली. पंच म्हणून ती कुणाला सोडत नसे.

हृदयाचं गांभीर्याने घ्या. या आजारात हृदयाचा स्नायू जाड होतो आणि मृत्यूचं मुख्य कारण तेच असतं. छातीत दुखणं, धडधड, दम लागणं, भोवळ यांपैकी काहीही झालं तर ‘थोडा वेळ पड’ म्हणून सोडून देऊ नका. पालकांना फोन करा. मूल बेशुद्ध पडलं तर थेट १०८. काही मुलांना मधुमेहही होतो. अचानक तहान वाढली, वारंवार लघवी होऊ लागली, वजन उतरलं तर घरी कळवा. इन्शुलिन चालू असेल तर साखर उतरल्याची लक्षणं प्रत्येक विषयशिक्षकाला माहीत हवीत आणि टेबलाच्या खणात ग्लुकोज हवं.

डब्याच्या वेळी ठसका लागतो, घाईत आणि बोलता बोलता जास्त. चुरमुरे, कोरडे पोहे यांपेक्षा ओलसर पदार्थ सोपे जातात. पाणी बाटलीतून मान मागे टाकून पिण्याऐवजी हनुवटी खाली ठेवून, लहान घोटांनी. मधली सुट्टी तिला दहा मिनिटं जास्त द्या.

वर्गाला सांगायचं का?

तिने ‘हो’ म्हटलं तरच, आणि काय सांगायचं तेही तिला विचारून. न सांगितल्याने मुलं गप्प बसत नाहीत. ‘पिऊन आलीय’ हे वाक्य आमच्या शाळेच्या आवारात ऐकू आलेलं आहे, आणि ज्याच्या घरी पिऊन येणारं माणूस असतं तोच मुलगा ते बोलतो हेही मी पाहिलं आहे. मी वर्गाला तीन वाक्यं सांगितली: तिच्या नसांचा आजार आहे. तो कुणाला लागत नाही. तिला सगळं समजतं, बोलायला वेळ लागतो, तेवढा थांबा. मग सगळ्यांना डोळे मिटून एका पायावर उभं केलं. अर्ध्या मिनिटात निम्मा वर्ग डगमगला. पुढचं समजावावं लागलं नाही.

मदत विचारून करायची हेही शिकवा. मागून येऊन दंड धरला तर उरलासुरला तोलही जातो. आपण कोपर पुढे करायचं, तिला ते धरू द्यायचं. प्रार्थनेला आता आमच्याकडे डोळे उघडे ठेवले तरी चालतात, सगळ्यांनाच.

सहल ठरवताना गडच नको असं नाही. रायगडाला रोपवे आहे, सिंहगडावर जवळजवळ वरपर्यंत रस्ता जातो. एसटीच्या उंच पायऱ्या आणि वाटेतली स्वच्छतागृहं हा मोठा अडथळा. बस ठरवताना हे आधी विचारा, आणि तिच्या आईला ‘तुम्ही तिच्यासोबत आलात तरच’ अशी अट घालू नका.

कागदपत्रं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व येतं आणि मज्जासंस्थेचे दीर्घकालीन आजारही त्यात आहेत. कोणत्या प्रकारात बसवायचं ते तपासणी मंडळ ठरवतं. पालकांना सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरायला मदत करा, मग सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी. आजार वाढता असल्याने टक्केवारी जुनी होत जाते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासून घ्यायला सांगा. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात भेटतात. प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साधनं यांची चौकशी तिथे करा.

परीक्षेसाठी लेखनिक मिळतो आणि तासाला २० मिनिटं जादा वेळ. तीन तासांच्या पेपरला एक तास वाढला की मूल चार तास बसणार. वाकलेल्या कण्याला ते सोपं नाही, म्हणून मध्ये पाठ टेकायची सोय मागून घ्या. लेखनिक साधारणपणे खालच्या इयत्तेतला असावा लागतो. दहावीच्या पेपरच्या दिवशी अनोळखी लेखनिक आणून बसवलात तर त्याला तिचं बोलणं कळणार नाही. आठवीच्या घटक चाचणीपासूनच लेखनिकासोबत सराव ठेवा. तिलाही सांगून लिहून घेण्याची कला शिकायची असते: ‘नवा परिच्छेद’, ‘अधोरेखित कर’, ‘खोड’. मंडळाकडे अर्ज शाळेमार्फत जातो, तो दिवाळीपूर्वी तयार ठेवा. टक्के अजून चाळीस भरत नाहीत म्हणून कुणी लेखनिक नाकारला, तर विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग हा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकाल दाखवा. तो स्पर्धा परीक्षेचा होता, पण लिहिण्याची खरी अडचण असलेल्याला केवळ ४० टक्क्यांच्या अटीवर लेखनिक नाकारता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

आणखी एक. तीव्र किंवा बहुविकलांग मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला. तो मुलाचा हक्क आहे, शाळेची सुटका नव्हे. ‘तिला त्रास होतो, घरीच शिकवा ना’ हे वाक्य शाळेकडून पहिल्यांदा निघू नये. कणा सरळ करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने घरी राहावं लागतं, तेव्हा मात्र हाच पर्याय उपयोगी पडतो. त्या काळात हजेरीपटावरून आणि वर्गाच्या ग्रुपवरून नाव काढू नका.

दर सहामाहीला कागद बदला

तो एक पानी कागद ऑक्टोबरात आणि एप्रिलात नव्याने लिहा. जुना फाडू नका. दोन्ही शेजारी ठेवले की काय सुटलं आणि काय टिकलं ते दिसतं. बदल दिसला तर पालकांना चारचौघांत सांगू नका. कधी कधी मूल अभ्यास सोडून देतं, चिडतं, खिडकीबाहेर बघत राहतं. ते आजाराच्या वाढीमुळे नसतं, तर आजार वाढतोय हे कळल्यामुळे असतं. तेव्हा समुपदेशकाचं नाव सुचवा आणि बाक बदलू नका.

वरच्या वर्गात जाताना तो कागद नव्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या, समोर बसून, मुलाच्या देखत. आणि वर्गखोल्यांचं वाटप एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांकडून तपासून घ्या. आमच्याकडे दहावी वर्षानुवर्षं दुसऱ्या मजल्यावर भरते, कारण तिथे शांतता असते. खाली आणायची तर मे महिन्याच्या आधी सांगावं लागतं. जूनमध्ये बाक लावून झालेले असतात आणि शिपाईमामा ते पुन्हा उतरवायला तयार नसतात.